नव्या नावाची ताई

ओळखपत्रावर नाव आणि लिंग बदलून घेताना मला कारकुनापेक्षा माझ्या धाकट्या भावानेच जास्त छळलं. कारकुनाला निदान जेवणाची सुट्टी तरी असायची. "दादा, हे काय खूळ घेतलंयस डोक्यात? मला बहीण नाही, आणि नकोय," हे तो घरी ऐकवायचा, फोनवर ऐकवायचा, आणि एकदा तर ऑफिसच्या रांगेत येऊन सगळ्यांदेखत ऐकवून गेला.

काल नवीन ओळखपत्र हातात पडलं. त्यावर मी स्वतः निवडलेलं नाव होतं आणि खाली ठळक अक्षरांत 'स्त्री'. आज सकाळी दार उघडलं तर समोर भाऊ, हातात फुलं घेऊन. "ताई," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा. मी त्याच्या हातातली फुलं घेतली. त्याला बसवलं आणि चहा टाकायला आत गेले.

 

चहा घेऊन बाहेर आले, तर वडिलांच्या घराचं हक्कसोडपत्र टेबलावर मांडून तो माझ्यापुढे पेन धरून बसला होता. "आपल्यात बहिणी कुठे घरात वाटा मागतात, ताई? कर सही. नव्या नावानेच कर हं."