पानाचा झ

मी रंगवलेल्या दुकानांच्या पाट्यांवर प्रत्येक अक्षराच्या पायाशी एक पान असायचं. आदिलाबादच्या बाजारातल्या त्या जुन्या पाट्यांचे फोटो काढून माझ्या विद्यार्थिनीने, पूनमने, कॉम्प्युटरवर त्यांचा फॉन्ट बनवला.

काल दुपारी शिकवणीच्या खोलीला कुलूप लावून मी तो पाहायला तिच्या घरी गेलो. 'झ' मी कोणत्याच पाटीवर रंगवला नव्हता. तरी तो फॉन्टमध्ये होता, आणि त्याचं पान सगळ्यांत सुंदर वळलं होतं. तसं वळण मला तीस वर्षांत साधलं नाही.

"हा कोणी काढला?"

"म्या नाही, गुरुजी. तुमचाच असंल."

मला त्या अनोळखी हाताचा हेवा वाटला.

"पुसून टाक," मी म्हणालो. तिने पुसला.

आज सकाळी मुलांना 'झ' शिकवायला बसलो, तर छोट्या स्वराच्या वहीत तो आधीच होता. तेच पान, तेच वळण.

"कोणी शिकवला, बाळा?"

"तुमीच तर. काल दुपारी, इथंच."

मी खडू घेतला आणि फळ्यावर सावकाश 'झ' काढला. स्वराने वही उचलून फळ्यावरच्या 'झ'शेजारी धरली.

"काल याच्यापेक्षा चांगला काढला होता तुमी, गुरुजी."