उरलेले थेंब

"आधी घरी काही औषध घातलं होतंत का?" मांजराच्या पिल्लाच्या डोळ्यांत टॉर्च मारत डॉक्टरबाईंनी विचारलं.

प्रमिलाकाकूंनी लगबगीने पर्समधून इवलीशी बाटली काढली. काकांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली, फ्रिजच्या दारात जपून ठेवलेली.

"डोळ्यांचंच आहे हो. हिचे डोळे चिकटायला लागले, तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ घालतेय. इतकी गुणी आहे! तिळू म्हटलं की मान वर करून बसते. एक थेंब वाया जाऊ देत नाही."

डॉक्टरबाई बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "काकू, यात स्टेरॉइड आहे. काकांना ते चाललं. पण हिच्या बुबुळांना विषाणूने जखमा झाल्या होत्या. या थेंबांनी त्या चिघळत गेल्या आणि दोन्ही बुबुळं फुटली. आता डोळे काढावेच लागतील, नाहीतर ही वेदनेनेच जाईल."

"एक तरी...?"

डॉक्टरबाईंनी दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनचा संमतीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

संध्याकाळी तिळू पिंजऱ्यात शुद्धीवर आली. डोळ्यांच्या जागी काळ्या दोऱ्याचे टाके होते. काकूंना जवळ जायचा धीर होईना. दारातूनच त्यांनी कशीबशी हाक मारली, "तिळू..."

आवाज ओळखून ती धडपडत उठली. आणि नेहमीसारखी मान वर करून, थेंबाची वाट पाहत बसली.