चार रात्रींचा मुक्काम

मनिषाने शिराळ्याचं शेवटचं बी मातीत दाबलं, वर चिमूटभर राख भुरभुरली आणि मागे उभ्या असलेल्या नणंदेला म्हणाली, "वेणूताई, ही सहा आळी. संध्याकाळी एकेक तांब्या पानी. जास्त नको, बी कुजतं."

"तेवढं जमतं गो. तू जा निवांत."

वेणू सकाळीच खारघरहून आली होती, चार दिवसांची बॅग घेऊन. मनिषाची पिशवीही ओटीवर तयार होती. तिचं माहेर आपटा काही लांब नाही, तासाभराची वाट. पण सासूची, ठमाबाईंची, एक बाजू लुळी पडल्यापासून, म्हणजे तीन वर्षांत, तिचा माहेरी मुक्काम झाला नव्हता. दोनदा गेली होती, ती दोन जेवणांच्या मधल्या वेळात. महिन्यापूर्वी तिच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. "आता तुझं तोंड नीट दिसंल, राहायला ये," आई फोनवर म्हणाली होती.

जायच्या आधी एकच काम उरलं होतं. दुपारची पेज वेणूने भरवायची आणि मनिषाने बघायचं.

ठमाबाईंची डावी बाजू गेलेली. त्या गालात घास राहिला तर त्यांना कळत नसे, आणि राहिलेला घास श्वासनळीत जायची भीती. मनिषाने सगळं दाखवलं. मान जरा पुढे. चमचा अर्धाच, उजव्या गालाकडून. गिळलं की तोंड उघडायला लावायचं, आत बघायचं, मग पुढचा. वेणूने नीट ऐकलं. चमचा अर्धाच भरला, उजवीकडूनच नेला. तिची एकही चूक झाली नाही.

ठमाबाईंनी दात मिटले.

"आये, आ कर."

पेज ओठांवरून हनुवटीवर आणि तिथून फडक्यावर आली.

"हात नवीन हाय," मनिषा म्हणाली. "मी समोर नसले की घेतील."

ती परसात गेली. आळ्यांना आता पाणी नको होतं, तरी तिने तांब्या भरून घेतला. आतून चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला. मग वेणूचा. "घे ना गो माझे आये. लहानपनी तू मना भरवलंस, आता मी तुला भरवते." मग काहीच नाही. पुन्हा चमचा. पुन्हा काही नाही.

मनिषा खिडकीशी आली. वेणूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ठमाबाईंचा चांगला हात, उजवा, तिच्या गालावरून हळूहळू फिरत होता. पाणी पुसत होता. दात मात्र घट्ट होते.

मनिषाचा नवरा धर्मराज जेवून आडवा झाला होता, तो उठून आला. "ताई, रडतेस कशाला? तिला मनिषाशिवाय चालत नाय. मी दिलं तरी हेच."

त्याने कधी दिलं होतं, ते मनिषाला आठवेना.

वेणू पदराने नाक पुसत हसली. "लेक पोटची, पन घास सुनेचा. जिंकलीस बाय तू, मनिषा. नशीब काढलं आमच्या आयेने." तिने वाटी पुढे केली.

मनिषाने वाटी घेतली. ठमाबाईंनी तोंड उघडलं. तळाची शितंसुद्धा उरली नाहीत.

"वेणूताई, रात्री परत बघा ना. भूक लागली की घेतील."

"आन नाय घेतलं तर? उपाशी मारू काय तिला?"

"एक रात्र तरी."

"अगो, आपटा काय पळून जातंय?" धर्मराज म्हणाला. "गणपती झाले की जा. मीच सोडीन तुला."

चार वाजता मागच्या टॉवरची सावली परसात आली, ऊन सरलं, तशी वेणू निघाली. बॅग न उघडताच परत गेली, सोबत रायवळ आंब्यांची एक पिशवी. निघताना तिने मनिषाला जवळ घेतलं. "तू हायस म्हनून आमी निर्धास्त."

मनिषाने आपट्याला फोन लावला. आईने सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

पाच वाजता कूस बदलायची असते. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घालून मनिषाने सासूला भिंतीकडे वळवलं. पाठीशी उशी लावली. दोन गुडघ्यांच्या मध्ये घडी घातलेली चादर ठेवली.

"वेनू गेली?" ठमाबाईंची जीभ जड झाली होती, पण मनिषाला त्यांचा प्रत्येक शब्द कळे.

"गेली."

"तिची कंबर लय दुखते. डॉक्टरने वजन उचलायला नाय सांगितलाय तिला." त्या दमल्या, थांबल्या. "चार दिस मला अशी उलथीपालथी करून मोडली असती पोर."

मनिषाचा हात उशीवर तसाच राहिला.

"म्हनून तोंड नाय उघडलंत?"

ठमाबाईंनी चांगल्या हाताने पांघरूण खांद्यावर ओढलं.

"माझी पन दुखते, आई."

ठमाबाईंचं तोंड भिंतीकडे होतं. त्यांनी थोडा वेळ खरंच विचार केला असावा.

"तुला सवय हाय," त्या म्हणाल्या.