पिवळीचं वाडगं

इंजेक्शन देऊन पाच मिनिटं झाली नव्हती, तोच पिवळीचं पोट ढवळायला लागलं.

“पट्टी सोड आधी! तोंडाची पट्टी!” डॉक्टर प्रियदर्शनी ओरडल्या.

चावू नये म्हणून कुत्रीच्या तोंडाला बांधलेली पट्टी देविदास कंपाउंडरने झटक्यात ओढून काढली. दोघांनी मिळून तिचं डोकं टेबलाच्या कडेवरून खाली झुकवलं, जीभ बाजूला ओढून धरली, आणि आतलं सगळं भडाभडा बादलीत पडलं. पिवळीचा मालक जळबा भिंतीला टेकून उभा होता.

पिवळीचा श्वास परत एका लयीत आला तेव्हा कुठे डॉक्टरबाईंनी बादलीत पाहिलं. दुधात कुस्करलेली भाकरी होती. अगदी ताजी.

“काका, काल संध्याकाळपासून हिला उपाशी ठेवा म्हणून दहादा सांगितलं होतं ना? भुलीत हे श्वासनळीत गेलं असतं तर इथंच मेली असती ती.”

“उपाशीच हाय म्याडम. रातभर माझ्यापाशीच व्हती. दाराला आतून कडी.”

“मग भाकरी काय आभाळातून पडली?”

जळबा तसा खोटं बोलणारा माणूस नव्हे. खोटं बोलायला जेवढं बोलावं लागतं तेवढं तो बोलतच नसे. तो पुढे झाला, बादलीत वाकून पाहिलं आणि तसाच वाकलेला राहिला. दूध पिवळं होतं.

पिल्लू असताना पिवळीला खोकला झाला होता, तेव्हापासून जळबाची बायको शालूबाई तिच्या दुधात चिमूटभर हळद घालायची. खोकला गेला, हळद राहिली. आणि आता शालूबाईला जाऊन चार महिने झाले होते. कुरुंदा गावातल्या त्या घरात तेव्हापासून चूल पेटली नव्हती. जळबा दोन्ही वेळा पुतण्याकडे जेवायचा आणि पिवळीसाठी तिकडूनच कोरडी चतकोर भाकरी आणायचा. घरात दुधाचा थेंब नव्हता.

“घरात अजून कोण असतं?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“मी एकलाच.”

“कासेची गाठ फुटायला आलीय, काका. आता फार दिवस थांबता येणार नाही. परवा सकाळी आणा. पण परत असं झालं तर मी हात लावणार नाही.”

घरी आल्यावर त्याने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी ठेवलेलं पिवळीचं जर्मनचं वाडगं उचललं. कडेला साय वाळून चिकटली होती. खरं सांगायचं तर ती त्याला आज पहिल्यांदा दिसली नव्हती. चतकोर कोरड्या भाकरीवर कुत्री चार महिन्यांत वाळायला हवी होती, ती चांगली गुबगुबीत होती, हेही त्याला दिसत होतं. पण विचारायचं कसं? विचारलं आणि थांबलं तर? म्हणून तो गप्प राहिला होता. घरात आपण अगदीच एकटे नाही, एवढं त्याला पुरत होतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मात्र तो उंबऱ्यावर बसला. समोर थंडगार चूल. त्याने उगाच दोनदा खाकरून पाहिलं. लग्नाच्या पहिल्या वर्षीही बायकोशी बोलताना एवढं अवघडलं नव्हतं.

“ऐकलं का,” तो चुलीकडे पाहत म्हणाला, “उद्या पिवळीचं आपरेशन हाय. आज तिला काई देऊ नको. तुझ्या हातचं खाल्लं तर मरंल ती.”

जळबाला वाटलं, आपण घरातल्या माणसाला हात धरून बाहेर काढलं. त्याला रडू आलं. पिवळीला खाटेच्या पायाला बांधून तो पडून राहिला.

सकाळी वाडगं उंबऱ्यावर पालथं घातलेलं होतं. राखेने लख्ख घासलेलं. खालची फरशी अजून ओली होती.

“आज काही खाल्लं का हिने?” दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं.

“न्हाई.”

“मागच्या वेळीही हेच म्हणाला होतात.”

“मागच्या टायमाला घरात सांगायचं राहिलं व्हतं,” जळबा म्हणाला.

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि सुई उचलली. या वेळी पोट ढवळलं नाही. देविदासने जळबाला पिवळीच्या बरगड्यांवर हात ठेवून श्वास मोजायला सांगितलं. त्याने एकही चुकवला नाही. लिंबाएवढी गाठ निघाली. दुपारी पिवळीने डोळे उघडले आणि त्याचं बोट चाटलं.

“संध्याकाळी थोडी दूध-भाकरी द्या,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मूठभरच. जास्त नको.”

दिवेलागणीला जळबाने पिवळीला उंबऱ्यापाशी गोधडीवर निजवलं. पालथं वाडगं उचलून सरळ केलं. काल आपण जे बोललो ते लागलं असेल का, राग धरून कायमची गेली असेल का, हे त्याला दिवसभर खात होतं.

“झालं सगळं बराबर,” तो चुलीला म्हणाला. “मूठभरच द्या म्हणल्या डॉक्टरीणबाई.”

मग तो बाहेर ओट्यावर गेला आणि दाराकडे पाठ करून बसला. समोरच्या घरात दिवा लागला. रस्त्यावरून हळदीची पोती भरलेला टेम्पो गेला. त्याची धूळ खाली बसली तरी आत सगळं सामसूम होतं.

आणि मग आत पिवळीची शेपटी फरशीवर आपटायला लागली.