हिरवं पाकीट

गार झालेला ऊलाँग चहा. मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट. नऊ वर्षांचं बिनपगारी काम. प्रोग्राम वापरणाऱ्यांना निरोपाचं एक पत्र, लिहून तयार, अजून न पाठवलेलं.

तैवानमधल्या हक्का बोलीतला मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम बो-शुनने एकट्याने लिहिला होता, आणि थकून आज तो त्यावरचं काम कायमचं सोडणार होता. त्याआधी म्याओलीच्या वाचनालयात पंग मावशींना तो संगणकावर घालून द्यायचा होता. त्यांच्या थोरल्या बहिणीची नजर गेली होती.

यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून तिथल्या रिवाजाप्रमाणे मावशींनी संगणकावर ते हिरवं पाकीट ठेवलं होतं. मुदत संपली की पाकिटाचा गुण जातो, म्हणून तारीख बघून आणलेलं.

"पासवर्ड उमटतच नाही रे!"

"दिसत नाही मावशी, पण पोचतो. लिहीत राहा."

मग एका ओळीच्या हुकमावर लागणारे प्रोग्राम उतरवून घेणारा पॅकेज मॅनेजर भराभर सामान आणू लागला.

"एक मागितलं तर त्रेचाळीस आली? वऱ्हाड आहे की काय!"

"एकाला दुसरं लागतं, मावशी. एकट्याने चालत नाही."

शेवटी संगणक हक्कात बोलला. मावशींनी ते दोनदा ऐकलं.

"उद्या हे बिघडलं तर कोण बघणार?"

"मीच."

"आणि तुझ्या मदतीला?"

बो-शुनने थंड चहाचा घोट घेतला.

मावशींनी संगणकावरचं पाकीट उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. "मग हे तिथे कशाला? चालत राहायचंय ते तुला."


पाकिटावर मुदत पुढच्या ऑगस्टपर्यंतची होती.