पाजण्याचा धडा

"अगं, लाजतेस काय? गोरिला आहे ती, तुझी सासू नाही!" डॉक्टर पोंक्षे म्हणाल्या.

प्राणिसंग्रहालयात गोरिलांची देखभाल करणाऱ्या इरानं आपल्या तान्ह्या लेकीला, चिमीला, छातीशी धरलं. काचेपलीकडून सावळी टक लावून बघत होती. पुढ्यात तिचं पिल्लू भुकेनं विव्हळत होतं. सावळीला पान्हा फुटला होता, पण पाजायचं कसं ते ठाऊक नव्हतं. ती यंत्राच्या गर्भपेटीत वाढलेली, आणि कळपात शिकवायला जाणती मादी उरली नव्हती.

चिमीही गर्भपेटीतलीच, तशी इराही. इराला दूध येणार कुठून? चिमीनं थोडी खटपट केली आणि टाहो फोडला. इरानं सवयीनं तिला पाळण्यात ठेवलं, दूधयंत्राची नळी तोंडात दिली आणि पाठ फिरवली.

"इरा, उचललं गं तिनं!"

सावळीनं पिल्लाला अलगद छातीशी धरलं होतं. इराचे डोळे भरून आले. पिल्लू चाचपडत स्तनापाशी पोचलं, तोच सावळीनं त्याला गार फरशीवर ठेवलं आणि पाठ फिरवली. अगदी इरासारखी.

इरानं धावत जाऊन चिमीला पुन्हा उराशी घेतलं. "थोडं थांब गं राणी, तिला बघू दे."

चिमी नळीकडे हात करून रडत राहिली.