खाऱ्या पाण्याची जागा

बाबारावांनी पोराला एका नजरेत जोखलं. मांडीवर जाड फाईल, कपाळावर घाम, आणि बूट नवे. झूलॉजी विभागाच्या कॉरिडॉरमध्ये दोघांशिवाय कोणी नव्हतं. म्हणजे लेक काजल आणि नोकरी यांच्यामध्ये एवढा एकच माणूस बसला होता.

जागा होती समुद्रातल्या बिनकण्याच्या प्राण्यांच्या अभ्यासाची. नागपुरातून कुठल्याही दिशेनं निघा, समुद्र यायला दिवस जातो. पण जागा मंजूर झाली होती, आणि मंजूर जागा परत करणं विद्यापीठाच्या रक्तात नव्हतं.

काजल आठ वर्षं गोव्यात शिंपल्या-खेकड्यांत रमली होती. बायको सिंधूताई गेल्यापासून नागपूरजवळच्या कन्हानच्या घरात बाबारावांशी बोलायला फ्रिज तेवढा उरला होता, आणि तोही अधूनमधून गप्प बसायचा. लग्नाचा विषय काढला की काजल म्हणायची, ‘आधी नागपूरची ते जागा भरू द्या, बाबा. मंग बोलू.’

आज जागा भरणार होती.

सुट्टीवर आलेली काजल सकाळी म्हणाली, ‘‘बाबा, चला माह्यासंगं. मी आत सरांपाशी बसतो. तुम्ही बाहेर बसजा. कोणी असलं तं बोलजा दोन शब्द.’’ आणि नुसती पाण्याची बाटली घेऊन आत गेली. ना फाईल, ना धडधड. शिपायानं तर ‘‘मॅडम, चहा आतच आणू?’’ असंही विचारलं. बाबारावांना हा शकुन वाटला.

आता ते दोन शब्द बोलायचे होते.

‘‘कुठले गा तुम्ही?’’

‘‘वेंगुर्ल्याचा. साहिल परब.’’

‘‘अरे बाप. आन् इथं?’’ बाबाराव जवळ सरकले. ‘‘मे महिना पाहिला का इथचा? डांबर बुटाले चिकटते. तुमचे खेकडे टाकीतल्या टाकीत शिजून जातीन. वरून फोडणीच द्याची बाकी.’’

‘‘मासे मिळतात ना?’’

‘‘तलावातले. खाऊन पाहा, मंग आईची आठवण काढा.’’

‘‘आणि माणसं?’’

‘‘दुपारभर मुडद्यासारखे पडून राहते. संध्याकाळी उठते आन् दुपारच्या उन्हावर बोलते.’’

साहिलनं फाईलचे बंद बांधले. ‘‘काका, खरं सांगू? मी नाहीच म्हणणार आहे आत. एका व्यक्तीनं फार हट्ट धरला, म्हणून आलो. समुद्र नाही त्या गावात माणसानं करायचं काय?’’

बाबारावांचं काम झालं होतं. इथं त्यांनी उठून माठातलं पाणी प्यायचं होतं. पण ते आणखी जवळ सरकले.

‘‘काहून? काय खराबी आहे नागपुरात?’’

‘‘तुम्हीच तर सांगितलंत.’’

‘‘मी सांगन. मी इथचा आहो. तुम्ही काहून म्हणता?’’

साहिलनं घड्याळ पाहिलं. त्याच्या नंबराला वेळ आहे असं शिपायाकडून कळल्यावर बाबारावांनी त्याला दंडाला धरून फाटकाबाहेरच्या ठेल्यावर नेलं. झणझणीत रस्सा ओतलेले तर्री पोहे मागवले. पहिल्या घासाला साहिलच्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला नाकातून. तिसऱ्यानंतर त्यानं आणखी तर्री मागितली.

‘‘आता बोला,’’ बाबाराव म्हणाले.

साहिलला बोलता येत नव्हतं, म्हणून बाबारावच बोलले. वाळ्याच्या ताटीवर पाणी मारून दुपारी झोपावं कसं. हिवाळ्यातली संत्री झाडाखाली उभं राहूनच का खावी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यामागे सगळं शहर कसं ओरडत निघतं. संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावर बसलं की पलीकडचा काठ कसा डोळ्यांआड करायचा.

‘‘सवय लागते,’’ ते म्हणाले. ‘‘मंग पलीकडचा काठ दिसतच नाही.’’

साहिल हसला. ‘‘तुमच्यासारखं कोणी असेल तर राहता येईल इथं.’’

‘‘मंग या ना. घर मोठं आहे. माणूस एकच आहे.’’

बोलून झाल्यावर बाबारावांना आपण काय बोललो ते ऐकू आलं. पण तोवर शिपाई फाटकापर्यंत बोलवायला आला होता. साहिलनं हात धुतले, वाकून नमस्कार केला. ‘‘काका, आता येतोच म्हणून सांगतो.’’

बाबाराव परत बाकावर जाऊन बसले. लेकीची आठ वर्षांची मेहनत आपण एका प्लेटीत वाहून दिली. आता ती गोव्याला परत जाणार, आणि घरी आपण आणि फ्रिज. आतून कोणाच्या तरी हसण्याचा आवाज आला. काम जमल्यावर माणसं हसतात तसा.

बाजूचं दार उघडून काजल बाहेर आली. बाबारावांना वर पाहवेना.

‘‘माय, माहं चुकलं वं. तो पोरगा नाही म्हणून राहिला होता. म्या त्याले तर्री खाऊ घातली.’’

‘‘मंग?’’

‘‘मंग काय? घरी राहाले या म्हटलं.’’

‘‘आन् तो काय म्हणाला?’’

‘‘येतो म्हणाला. तुही जागा गेली, माय.’’

काजल त्यांच्याजवळ बसली. त्यांच्या सदऱ्यावरचा तर्रीचा डाग तिनं बाटलीतल्या पाण्यानं हळूहळू पुसला.

‘‘माही जागा गोड्या पाण्याची होती, बाबा, मागच्याच महिन्यात मले भेटली,’’ ती म्हणाली. ‘‘आज मुलाखत तुमच्या होणाऱ्या जावयाची होती.’’